फलनात किंमत कशी ठेवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या मराठी घरात गणिताचा अभ्यास तीन भाषांत चालतो. पुस्तकात असतं 'फलन का मान ज्ञात कीजिए', ट्यूशनचे सर म्हणतात 'व्हॅल्यू पुट करो', आणि शेजारी बसलेले आजोबा सांगतात, 'अगं, किंमत ठेव की!' तिघंही एकच गोष्ट सांगत असतात: फलन (फंक्शन) म्हणजे एक नियम, त्यातल्या अक्षराच्या जागी दिलेली संख्या घालून उत्तर काढ. ती गोष्ट वरवर इतकी सोपी की नीट शिकवायची राहूनच जाते. मग अकरावीत मुलं अडतात आणि खापर फुटतं 'अवघड' गणितावर. नववी ते बारावीची मुलं आणि त्यांच्याबरोबर वही घेऊन बसणारी घरची मंडळी नेहमी जे प्रश्न विचारतात, ते इथे घेतले आहेत.

चिन्हांबद्दल आधी सांगून ठेवतो. पुस्तकातले एफ, जी, एक्स इथे फ, ग, क्ष असे लिहिले आहेत. घात दाखवायला ^ ही टोपी वापरली आहे, म्हणजे क्ष^२ हा क्षचा वर्ग. वहीत मात्र घात नेहमीसारखा वर, लहान अक्षरात लिहा.

पुस्तक हिंदी, घरी मराठी. शब्दांत कुठे गडबड होते?

'मान' म्हणजे आपली किंमत, 'चर' म्हणजे चल, 'गुणांक' म्हणजे सहगुणक, 'बहुपद' म्हणजे बहुपदी. एवढं चटकन जुळतं. फसवणारे शब्द दोन आहेत. हिंदीतलं 'भिन्न' म्हणजे अपूर्णांक. मराठी कानाला ते 'वेगळं' असं ऐकू येतं, त्यामुळे 'भिन्न मान रखिए' म्हटलं की घरचा माणूस 'वेगळी किंमत ठेव' असं सांगून मोकळा होतो. दुसरा शब्द 'हर', म्हणजे आपला छेद. अंश आणि प्रांत दोन्हीकडे सारखेच आहेत.

'एफ ऑफ एक्स' म्हणजे एफ गुणिले एक्स का?

नाही. ३(क्ष + २) मध्ये कंसाआधी संख्या आहे, तिथे गुणाकार. फ(क्ष) मध्ये कंसाआधी फलनाचं नाव आहे, आणि कंसात आहे ती त्याला दिलेली वस्तू. फ ही संख्याच नव्हे, तो नियम आहे. फ(क्ष) = ३क्ष − ५ याचा अर्थ, 'जे द्याल त्याची तिप्पट करीन आणि ५ वजा करीन.' ४ दिले तर ७ परत येतात, म्हणून फ(४) = ७. इथे 'फ = ७ ÷ ४' असं काढायला जाणारी मुलं दरवर्षी निघतात. त्यांनी कंस म्हणजे गुणाकार असं धरलेलं असतं.

ही खूण गणितज्ञ ऑयलरने १७३४ मध्ये वापरली आणि ती रुळली. अज्ञात संख्येसाठी अक्षर वापरायची चाल मात्र आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीची आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिल्या अज्ञाताला 'यावत्तावत्' म्हणतात आणि लिहिताना नुसतं 'या'. पुढच्या अज्ञातांना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. लिहिताना का, नी, पी.

किंमत ठेवायची नेमकी पद्धत कोणती?

क्ष पुसा, तिथे रिकामा कंस ठेवा, मग कंसात किंमत भरा. या पानावरची जवळजवळ प्रत्येक चूक मधली पायरी गाळल्याने होते.

फ(क्ष) = २क्ष^२ − ५क्ष + ३ घ्या आणि फ(−३) काढा.

आधी क्षच्या जागा मोकळ्या करा:
फ( ) = २( )^२ − ५( ) + ३

मग प्रत्येक कंसात तीच किंमत भरा, चिन्हासकट:
फ(−३) = २(−३)^२ − ५(−३) + ३

आता आकडेमोड. (−३)^२ म्हणजे ९, त्याचे दुप्पट १८. −५ गुणिले −३ म्हणजे +१५. उत्तर १८ + १५ + ३ = ३६.

कंस न ठेवता हेच केलं की वहीत काय दिसतं? पहिल्या पदात −३ चा वर्ग −९ होऊन −१८ येतात, दुसऱ्या पदात दोन उणे चिन्हं एकमेकांना चिकटून एकच उरतं आणि −१५ येतात. उत्तर −३०. मुलाला पाढे येतात, वर्ग येतात, तरी उत्तर ६६ ने चुकलं.

किंमत धन असली तरी कंस ठेवाच. ५क्ष मध्ये क्षच्या जागी ४ नुसता लिहिला तर ५४ दिसतात. हे वाचून हसू येतं, पण परीक्षेच्या घाईत ५४ लिहिलेले पेपर असतात.

−क्ष^२ आणि (−क्ष)^२ एकच ना?

एकच नाही, फक्त क्ष = ० असेल तेव्हाच दोन्ही सारखे येतात. घात चिकटतो तो आपल्या लगतच्या वस्तूला. −क्ष^२ मध्ये वर्ग फक्त क्षचा, उणे चिन्ह बाहेर उभं. क्ष = ४ असताना −(४)^२ = −१६. (−क्ष)^२ मध्ये कंसातल्या सगळ्याचा वर्ग, म्हणून १६.

मग क्ष = −४ ठेवलं तर −क्ष^२ किती? पुन्हा रिकामा कंस: −( )^२, भरला की −(−४)^२ = −१६. 'उणे उणे अधिक' हा मंत्र इथे घाईने म्हणायचा नाही. कंसातल्या उण्याचा हिशेब वर्ग करतानाच संपला, बाहेरचं उणे अजून शिल्लक आहे.

मोबाइल −९ दाखवतो आणि एक्सेल ९. कोण चुकतंय?

चूक कोणाचीच नाही, दोघांचे नियम वेगळे आहेत. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर −३^२ दाबलं की सहसा −९ येतं, म्हणजे आधी घात, मग उणे, जसं आपण वहीत करतो. एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये सुरुवातीचं उणे चिन्ह संख्येला आधी चिकटतं, म्हणून =−३^२ चं उत्तर ९ येतं. गंमत म्हणजे तिथेच =०−३^२ लिहिलंत तर −९, कारण आता ते चिन्ह वजाबाकीचं झालं.

शीटमध्ये −क्ष^२ चा तक्ता करायचा असेल तर सूत्र =−(ए१^२) असं कंसात लिहा. नाहीतर तळाकडे उघडणारा परवलय (पॅराबोला) वर उघडलेला दिसतो आणि तासभर चूक सापडत नाही.

'कंचेभागुबेव' पाळलं तरी उत्तर का चुकतं?

कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. आजोबांच्या पिढीचं हे सूत्र शाळेच्या बोडमासचंच भावंड, आणि दोघांत फट एकच. भागाकार-गुणाकार ही जोडी समान दर्जाची आहे, बेरीज-वजाबाकीही तशीच. जोडीच्या आत डावीकडून उजवीकडे जायचं. ८ ÷ २ × ४ हे १६ आहे, १ नाही. १० − ४ + ३ हे ९ आहे. बेरीज आधी नावात आली म्हणून आधी केली तर ३ येतात.

शिवाय कंचेभागुबेवमध्ये घाताला जागाच नाही. घात कंसानंतर लगेच, गुणाकाराच्या आधी. बँकेत १०,००० रुपये ७ टक्के चक्रवाढ दराने ठेवले तर क्ष वर्षांनी फ(क्ष) = १०००० × (१.०७)^क्ष. तीन वर्षांसाठी आधी १.०७ चा घन, म्हणजे १.२२५०४३, मग गुणाकार. उत्तर १२,२५०.४३ रुपये. आधी गुणाकार करून १०७०० चा घन काढला तर रक्कम लाख कोटींच्या पुढे जाते, तेव्हा ती चूक निदान दिसते तरी. न दिसणारी चूक म्हणजे १.२२५०४३ ला मध्येच १.२३ करणं. त्याने जवळजवळ ५० रुपयांचा फरक पडतो. आकडे शेवटी तोडायचे, मधे नाही.

किंमत अपूर्णांक असेल तर दशांश करून घेऊ का?

शक्यतो नको. फ(क्ष) = ३क्ष^२ − क्ष + १ मध्ये क्ष = २/३ ठेवा. (२/३)^२ = ४/९, त्याचे तिप्पट ४/३. ४/३ − २/३ + १ = ५/३. नेमकं उत्तर, तीन ओळींत.

आता ०.६७ घेऊन करा: ३ × ०.४४८९ − ०.६७ + १ = १.६७६७. खरं उत्तर १.६६६६… आहे. दुसऱ्याच दशांशस्थळी गडबड. त्यातून पर्याय निवडायचा प्रश्न असेल तर जवळचा दुसरा पर्याय टिपला जातो.

अपूर्णांकातही कंस हवाच. कंसाशिवाय २/३^२ लिहिलं की वर्ग एकट्या ३ चा होतो आणि २/९ येतात.

फ(०) म्हणजे शून्यच ना?

बहुपदीत क्षची पदं शून्य होतात, स्थिर पद उरतं. फ(क्ष) = २क्ष^२ − ५क्ष + ३ साठी फ(०) = ३. फ(क्ष) = २^क्ष असेल तर फ(०) = १. आणि फ(क्ष) = ७ असं स्थिर फलन आलं तर गोंधळू नका. क्ष दिसतच नाही, म्हणजे काहीही ठेवा, उत्तर ७: फ(०) = ७, फ(−१००) = ७.

संख्येऐवजी अक्षरंच ठेवायला सांगतात, फ(अ + ह) वगैरे. तिथे काय करायचं?

जे −३ साठी केलं तेच. कंसाला आत काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. फ(क्ष) = क्ष^२ − ४क्ष घेऊ.

फ( ) = ( )^२ − ४( )
फ(अ + ह) = (अ + ह)^२ − ४(अ + ह)
= अ^२ + २अह + ह^२ − ४अ − ४ह

इथे तीन चुका ठरलेल्या. पहिली, (अ + ह)^२ चं अ^२ + ह^२ करणं. दुसरी, −४ ने फक्त अला गुणून हला तसंच सोडणं. तिसरी सगळ्यात मोठी, फ(अ + ह) म्हणजे फ(अ) + फ(ह) असं मानणं. ती संख्या घालून तपासा. फ(२ + ३) म्हणजे फ(५) = २५ − २० = ५. आणि फ(२) + फ(३) = −४ + (−३) = −७. पाच कुठे, उणे सात कुठे! असं फोडणं चालतं ते फ(क्ष) = मक्ष अशा साध्या पटीच्या फलनात, जिथे सोबत स्थिर पदही नाही. वर्ग, मूळ, साइन, लॉग यांत चालत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मुलं विचारतात. अकरावीत अवकलज (डेरिव्हेटिव्ह) आला की [फ(अ + ह) − फ(अ)] ÷ ह हेच काढायचं असतं. आपल्या फलनासाठी वरच्या ओळीतून अ^२ − ४अ वजा करा. उरतात २अह + ह^२ − ४ह, हने भागून २अ + ह − ४. वजा करताना फ(अ) ला अख्खा कंस घाला: −(अ^२ − ४अ). हा कंस सुटला की −४अ च्या जोडीला आणखी एक −४अ येतं, पदं कापली जात नाहीत आणि ह खाली अडकून बसतो. ह सामाईक निघत नसेल तर पुढे ओढत नेऊ नका, मागच्या ओळीतला कंस शोधा.

कोणती किंमत ठेवताच येत नाही?

शाळेच्या गणितात मुख्यतः तीन ठिकाणी थांबायचं: छेद शून्य होत असेल, वर्गमुळाच्या आत ऋण संख्या येत असेल, किंवा लॉगच्या आत शून्य किंवा ऋण संख्या येत असेल. ज्या किमती चालतात त्यांचा संच म्हणजे प्रांत. म्हणून 'प्रांत काढा' हा प्रश्न खरं तर 'काय ठेवायला मनाई आहे' असाच वाचावा.

छेदाचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. फ(क्ष) = (क्ष^२ − ९) ÷ (क्ष − ३). क्ष = ३ ठेवलं की ० ÷ ०. पुष्कळ जण अंशाचे अवयव पाडून (क्ष − ३) कापतात, क्ष + ३ उरतं, तिथे ३ ठेवून 'फ(३) = ६' लिहितात. कापाकापी बरोबर आहे, पण ती करताना आपण क्ष − ३ ने भागलं, आणि ते शून्य नाही असं धरूनच. म्हणून क्ष = ३ ला फ व्याख्येतच नाही. ६ ही तिथली सीमा (लिमिट) आहे, म्हणजे क्ष ३ च्या जवळ नेताना फ ज्या संख्येकडे सरकतं ती; किंमत नाही. आधी मूळ रूपात ठेवा, मग सोपं रूप.

शून्याने भागायचा घोळ जुनाच आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्याचे नियम मांडताना ० ÷ ० ला शून्यच म्हटलं होतं. भास्कराचार्यांनी शून्य छेद असलेल्या राशीला 'खहर' असं वेगळं नाव दिलं: ख म्हणजे शून्य, आणि हर तोच, हिंदी पुस्तकातला.

वर्गमुळाबद्दल एवढंच: √९ म्हणजे ३, ±३ नाही. क्ष^२ = ९ हे समीकरण सोडवताना दोन उत्तरं येतात, मुळाच्या चिन्हाची किंमत एकच असते. म्हणून √(क्ष^२) मध्ये −५ ठेवलं की ५ येतात, −५ नाही.

एकाच फलनाला दोन-तीन नियम दिले असतील तर कोणता वापरायचा?

आधी किंमत कुठल्या तुकड्यात बसते ते बघायचं, मग फक्त त्याच नियमात ठेवायची. राजवाड्यावरून रिक्षा केली असं समजा. दर आमचे, मनचे: पहिल्या २ किलोमीटरला सरसकट ३० रुपये, पुढे दर किलोमीटरला १५.

फ(क्ष) = ३०, जर ० < क्ष ≤ २
फ(क्ष) = ३० + १५(क्ष − २), जर क्ष > २

५ किलोमीटरला: ५ हे २ पेक्षा जास्त, दुसरा नियम. ३० + १५ × ३ = ७५ रुपये. क्ष − २ ऐवजी नुसता क्ष घेतला तर १०५ होतात, म्हणजे पहिल्या दोन किलोमीटरचे पैसे दोनदा दिले. असा रिक्षावाला भेटला तर आपण भर चौकात भांडू, वहीत मात्र खपवून घेतो.

दीड किलोमीटरला ३० रुपयेच. दुसऱ्या नियमात १.५ ठेवला तर २२ रुपये ५० पैसे येतात. गणित होतं खरं, पण त्या नियमाचा इथे हक्कच नाही. दोन्ही नियमांची उत्तरं काढून बेरीज करणारेही असतात.

बरोबर २ किलोमीटरला? चिन्ह वाचा: ≤ पहिल्या नियमाकडे आहे, म्हणून पहिला. इथे दोन्ही नियम २ ला ३० च देतात त्यामुळे चूक झाकली जाते. परीक्षेतली फलनं इतकी उदार नसतात, तिथे सीमेवरची किंमत मुद्दाम विचारतात. अंतर मीटरमध्ये दिलं असेल तर आधी किलोमीटर करा. क्ष = ५००० ठेवून रिक्षाला ७५,००० रुपये देऊ नका.

महत्तम पूर्णांक फलनात −२.३ ठेवलं की −२ ना?

−३. [क्ष] म्हणजे क्षपेक्षा मोठा नसलेला सगळ्यात मोठा पूर्णांक. −२ हा −२.३ पेक्षा मोठा आहे, म्हणून तो बाद. संख्यारेषेवर डावीकडे सरका, दशांश नुसता उडवू नका. एक्सेलमध्ये 'इंट' हे सूत्र −३ देतं आणि 'ट्रंक' −२ देतं, त्यामुळे उत्तर पडताळताना योग्य तेच वापरा.

फ(ग(क्ष)) मध्ये आधी कोण?

आतला. वाचताना फ आधी दिसतो म्हणून मुलं तिथूनच सुरुवात करतात.

एमटी क्लॉथ मार्केटमध्ये साडीवर दोन सवलती आहेत असं धरा: १०० रुपयांचं कूपन आणि १० टक्के सूट. ग(क्ष) = क्ष − १०० हे कूपन, फ(क्ष) = ०.९क्ष ही सूट. साडी १५०० ची.

आधी कूपन: ग(१५००) = १४००, मग फ(१४००) = १२६०. हे झालं फ(ग(१५००)).
आधी सूट: फ(१५००) = १३५०, मग ग(१३५०) = १२५०. हे ग(फ(१५००)).

दहा रुपयांचा फरक, आणि तो कुठल्याही किमतीच्या साडीला दहाच राहतो. अक्षरात करून बघा: ०.९(क्ष − १००) = ०.९क्ष − ९०, उलट क्रमाने ०.९क्ष − १००. घरच्या बायकांना हे पुस्तकाशिवाय कळतं. त्या आधी टक्के कापायला लावतात, मग कूपन काढतात.

फ(ग(क्ष)) म्हणजे फ(क्ष) × ग(क्ष) नव्हे, हेही इथेच सांगून ठेवायला हवं.

'फ(२) काढा' आणि 'फ(क्ष) = २ सोडवा' यात फरक काय?

पहिल्यात माल दिला आहे, उत्तर काढायचं. दुसऱ्यात उत्तर दिलं आहे, माल शोधायचा. फ(क्ष) = क्ष^२ − २क्ष − १ साठी फ(२) = ४ − ४ − १ = −१. आणि फ(क्ष) = २ म्हणजे क्ष^२ − २क्ष − ३ = ०, क्ष = ३ किंवा −१. किंमत ठेवल्यावर उत्तर एकच येतं, उलट जाताना दोन येऊ शकतात, कधी एकही येत नाही. मिळालेली उत्तरं परत फलनात ठेवून पाहा: फ(३) = ९ − ६ − १ = २. जुळलं.

मोठ्या घाताची बहुपदी हाताने लवकर कशी काढायची?

फ(क्ष) = २क्ष^४ − ७क्ष^३ + ५क्ष − ८ आणि क्ष = ३. सरळ ठेवलं तर ८१, २७ असे आकडे करत बसावं लागतं. त्यापेक्षा फक्त सहगुणक एका ओळीत मांडा: २, −७, ०, ५, −८. क्ष^२ चं पद नाही, तिथे शून्य. ते शून्य विसरलं की सगळं मुसळ केरात.

पहिला सहगुणक खाली उतरवा. मग दर वेळी ३ ने गुणा आणि पुढचा मिळवा:
२
२ × ३ − ७ = −१
−१ × ३ + ० = −३
−३ × ३ + ५ = −४
−४ × ३ − ८ = −२०

फ(३) = −२०. पडताळा: १६२ − १८९ + १५ − ८ = −२०. चार गुणाकारांत काम झालं, प्रत्येक घात वेगळा काढून केलं असतं तर आठ लागले असते. शून्य गाळून हेच केलं तर −२ येतात, आणि गंमत अशी की त्या उत्तरात खटकण्यासारखं काहीच दिसत नाही.

विल्यम हॉर्नरच्या १८१९ च्या लेखावरून या रीतीला त्याचं नाव पडलं. शाळेत ती संश्लेषक भागाकार म्हणून भेटते. बहुपदीला क्ष − ३ ने भागल्यावर उरणारी बाकीही −२० च, हाच शेष सिद्धांत.

साइन ३० ला कॅल्क्युलेटर −०.९८८ का दाखवतो?

तो रेडियनवर आहे, म्हणजे ३० हा कोन अंशांत न धरता रेडियन या दुसऱ्या एककात धरतोय. पडद्याच्या वरच्या कडेला बारीक अक्षर बघा: डी म्हणजे अंश, आर म्हणजे रेडियन, जी म्हणजे ग्रेड. अंशात ०.५ येतं, ग्रेडमध्ये ०.४५४ च्या आसपास. ही ग्रेडची चूक सगळ्यात पाजी, कारण उत्तर ०.५ च्या जवळच असतं आणि शंका येत नाही. एक्सेल नेहमी रेडियनच धरतं.

साइनच्या डोक्यावर २ लिहून पुढे ३०° असेल तर आधी साइन, मग वर्ग: ०.२५. आधी ३० चा वर्ग केला तर ९०० अंशांचा साइन निघतो, तो ० आहे.

तसं सीबीएसईच्या गणिताच्या पेपरात कॅल्क्युलेटर नेता येत नाही. ३०, ४५, ६० चे तक्ते पाठच हवेत.

आलेखासाठी तक्ता केला. किमती बरोबर आहेत हे कसं ओळखायचं?

वर्गबहुपदी असेल तर फरकांचे फरक काढा. क्ष^२ − ४क्ष मध्ये ० ते ५ ठेवल्यावर येतात: ०, −३, −४, −३, ०, ५. शेजारच्या दोन किमतींतले फरक: −३, −१, १, ३, ५. त्यांचे फरक: २, २, २, २. सगळे सारखे, तक्ता बरोबर. एखादी किंमत चुकली की ही शेवटची ओळ लगेच बिघडते. फ(३) चुकून ३ लिहिला तर ती २, ८, −१०, ८ अशी उड्या मारते, आणि चूक सगळ्यात मोठ्या उडीच्या नेमकी वर सापडते. अट एकच, क्षच्या किमती समान अंतरावर घेतलेल्या हव्यात. घनबहुपदीला तिसऱ्या फरकापर्यंत जा, सरळ रेषेला पहिलाच पुरतो.

दोन चलं असतील तर?

कंसातला क्रम पाळा. फ(क्ष, य) = क्ष^२ − ३य असेल तर फ(२, ५) मध्ये २ क्षचे आणि ५ यचे: ४ − १५ = −११. फ(५, २) वेगळंच, २५ − ६ = १९. गोंधळ होत असेल तर दोन चलांसाठी दोन आकारांचे रिकामे कंस करा, एक गोल, एक चौकोनी, आणि मगच भरा.